जिन्याखालची गाजरं

कारखान्याच्या कँटीनमध्ये होत्या तेव्हा मावशी नुसतं पातेल्याचं झाकण उचलायच्या, वाफ नाकात घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मीठ विसरलास रे मुडद्या." चमचा बुडवायची गरज नाही. त्यांच्या नाकावर भरवसा ठेवून आख्खी पाळी जेवायला बसायची. तोंडाचा पट्टाही तसाच. साहेब असो की झाडूवाला, ताटात टाकून उठला की त्याचं काही खरं नव्हतं. "आवडलं नाही तर तोंडावर सांग, पण टाकू नकोस," हा त्यांचा कायदा.

घरी आल्यावरही हा कायदा सुटला नाही. घर लहान. खाली दीड खोली, वर एक, त्यावर माळा आणि जिन्याखाली कमरेत वाकून शिरावं लागेल अशी एक काळोखी कोठडी. ती कोठडी मावशींची. तिची किल्ली त्यांच्या कमरेला. सून खुर्च्या-सोफ्यांची कव्हरं शिवायची, मुलगा बसडेपोत मेकॅनिक. दोघांनाही विचारल्याशिवाय आत पाय टाकायची मुभा नव्हती.

त्या कोठडीत यायचा तो शेताचा वाटा. शहराबाहेर एक शेत होतं. हंगामाच्या तोंडावर पैसे भरायचे आणि मग दर आठवड्याला शेत देईल ते घ्यायचं. निवड नाही, कुरकुर नाही. पदरी पडलं पवित्र झालं. गारपीट झाली तर ती तुमच्याही ताटावर झाली. बंद पडलेल्या सायकलच्या दुकानात क्रेट उतरायचे. आपापला क्रेट पिशवीत रिकामा करायचा आणि उलटा करून परत ठेवायचा. मावशी तिथेही बोलायच्या. "अहो शेतकरीबुवा, हे बीट आहे की चेंडू? आत नुसता कापूस भरलाय." तो हसून म्हणायचा, "मावशी, तुम्ही आलात की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

पिशव्या घरी आल्या की जमिनीवर जुनी चादर पसरायची आणि मावशींचा दरबार भरायचा. पालेभाज्या आजच्या-उद्याच्या, त्या झटकून ओल्या फडक्यात. गाजराचा पाला लगेच कापायचा, नाहीतर तो गाजराचं रक्त पितो. गाजर पुसायचं, धुवायचं नाही. लाकडी पेटीत वाळू, वाळूवर गाजरं एकमेकांना न लागतील अशी, वर पुन्हा वाळू. बटाटे पोत्याखाली अंधारात. कांदे टांगून, वाऱ्याला. आणि सफरचंदं मात्र थेट माळ्यावर. ती चढवायची सुनेने, दिवसभर मशीन चालवून पाय भरून आलेले असले तरी.

"अहो आई, खाली एवढी जागा पडलीय की."

"पडू दे. सफरचंद आणि गाजर एकत्र नांदत नाहीत."

"का म्हणून?"

"का ते गाजराला विचार. आपण दोघी नांदतोय एवढं पुरे नाही का?"

सून हसायची. राग यायचा, पण हसायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला कणसाचे केससुद्धा नीट काढता येत नव्हते. मावशींनी शिकवलं, पण शिकवताना सोलून काढलं. किल्ली मात्र कधी दिली नाही.

एकदा सून गिऱ्हाइकाकडे कव्हरं पोचवायला गेली असताना मावशी स्वतःच सफरचंदं घेऊन माळ्याच्या शिडीवर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड गेलं. हाड जुळलं, पण त्या खाटेवरून उठल्यावर पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. मुलाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारायच्या. मधेच विचारायच्या, "दुसरी पाळी जेवली का गं?" सून म्हणायची, "जेवली हो आई, सगळी जेवली." तेवढ्याने त्या निवायच्या.

किल्ली सुनेकडे आली. कोणी दिली नाही. दवाखान्यात कपडे बदलताना कमरेची सोडली, ती तिच्याच पर्समध्ये राहिली.

कोठडी उघडून तिने आधी जळमटं काढली. फळ्या मारल्या, त्यावर स्वच्छ कागद अंथरला. माळ्यावर चढायचं नावही नको होतं आता; एक पडलीच होती, दुसरी कशाला? सफरचंदं तिने खाली आणली आणि गाजरांच्या पेट्यांच्या वरच्या फळीवर ओळीने मांडली, लाल गाल बाहेर करून. नवऱ्याने वाकून पाहिलं. "वा! दुकानासारखं दिसतंय." दार घट्ट लावून घेतलं की आतला वास आतच राहायचा, आणि उघडलं की अंगावर यायचा, गोड, गार. मशीनवरून उठल्यावर ती उगीचच दार उघडून उभी राहायची. त्या घरात तिच्या मालकीची ती पहिलीच जागा.

थंडी आली आणि शेताने गाजरांचा सपाटा लावला. क्रेटमागून क्रेट. मावशींची कवळी आता बसत नव्हती. जे काही द्यायचं ते त्यांच्यापुरतं वेगळं शिजवून, घोटून. सूप गाजराचं, बटाट्याच्या लगद्यात गाजर, डाळीत गाजर. पेट्या भरलेल्या असताना बाहेरची भाजी कोण आणणार?

पहिल्या दिवशी मावशींनी घास तोंडात फिरवला आणि ओठांवरून बाहेर सोडला. "कडू आहे."

"गाजर आहे आई. गाजर कुठे कडू असतं?"

"ते मला सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मावशींनी वाटी नाकाशी धरली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "यात काय घातलंस गं तू?"

सुनेच्या हातातला चमचा थांबला. इतकी वर्षं खाल्लेले टोमणे एकीकडे आणि हे एकीकडे. दुपारी खिडकीतून मावशी शेजारणीला सांगत होत्या, "माझी सून मला कडू चारते. दूधपाव देते तो चांगला असतो. तिच्या हातचं शिजलं की कडू." शेजारीण "असं कसं होईल मावशी" म्हणाली, पण म्हणताना तिची नजर आत, सुनेवर गेली होती.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "तू चाखून बघितलंस का?"

"चाखलं," ती म्हणाली. "साखरेसारखं गोड आहे."

चाखलं नव्हतं. चाखणं म्हणजे आपल्यावर आळ आहे हे कबूल करणं, असं तिच्या मनाने घेतलं होतं. चोरी केली नाही तर खिसे का उलटे करायचे? नवरा चाखेल म्हणावं तर त्याने लहानपणीच गाजराशी फारकत घेतलेली. "आईने एवढी चारलीत की मी घोडा व्हायचा राहिलो," असं तो सांगायचा. त्याने बायकोचा शब्द धरला. डॉक्टरांनी तोच शब्द पुढे धरला. या वयात चव बिघडते, संशय येतो, दुखण्याचाच भाग आहे तो. एक गोळी लिहून दिली. गोळीने मावशी गुंगीत राहू लागल्या आणि उरलंसुरलं खाणंही गेलं. गालांची हाडं वर आली. अंगठी दोरा गुंडाळूनही बोटात राहीना.

मग एक दिवस तोंडात कोंबलेला घास त्यांनी थुंकला, तो मशीनवरच्या कव्हरवर. गिऱ्हाइकाचं, साईच्या रंगाचं कापड. नारिंगी डाग गेला नाही. नवरा बराच वेळ तो डाग बघत बसला. मग म्हणाला, "इथे राहिली तर उपाशी मरेल. वृद्धाश्रमात नर्स असतात. हा आठवडा बघू. खायला लागली तर राहील, नाहीतर माझा नाइलाज आहे."

सुनेला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःची शरमही वाटली. त्या आठवड्यात तिने जीव तोडला. साय घातली, लोणी घातलं, जरा साखरसुद्धा. शेवटच्या दिवशी खाटेशेजारी बसून म्हणाली, "आई, खा हो. पाया पडते. नाही खाल्लंत तर हे तुम्हाला पाठवतील."

मावशींनी डोळे उघडले. कित्येक दिवसांत नव्हते इतके ते स्वच्छ होते.

"तू खा," त्या म्हणाल्या. "एक घास. माझ्यासमोर खा. मग मी आख्खी वाटी खाते."

चमचा भरलेला होता. तिच्याच हातात होता. तोंडापर्यंत नेला की झालं.

"म्हणजे मी विष घातलं नाही ते सिद्ध करून दाखवू? इतकी वर्षं तुमचं केलं त्याचं हे फळ?" ती उठली. वाटी तिने खुर्चीवर आपटली, लगदा काठावरून ओघळला. "नका खाऊ."

मावशींनी डोळे मिटून घेतले.

त्या वृद्धाश्रमात गेल्या. जाताना गाडीत बसवेपर्यंत विचारत होत्या, "दुसरी पाळी जेवली का?"

त्यांच्या जागेवर मशीन आली, उजेड चांगला होता तिथे. क्रेट यायचा थांबला नाही. पैसे भरलेले होते. एका सुट्टीच्या दिवशी सून क्रेट घेऊन आली, चादर पसरली आणि जुनी गाजरं आधी संपवावीत म्हणून पेटीतली काढून चिरायला बसली. चिरता चिरता एक तुकडा नकळत तोंडात टाकला.

थुंकलाच तिने. औषधाची गोळी जिभेवर विरघळावी तसं. वाटलं, किडकं असेल. दुसरं चिरलं, तेही तसंच. पेटीच्या तळाचं काढलं, कुठे डाग नाही, भोक नाही, तरी तेच. मग आज आलेल्या पिशवीतलं एक ओढून काढलं, माती पुसली न पुसली, चावलं. गोड. पाण्यासारखं गोड.

एकाच शेताची गाजरं. ती कोठडीच्या दाराशी वाकून उभी राहिली. सफरचंदांचा वास नेहमीसारखा अंगावर आला. थंडीभर हाच वास बंद दाराआड गाजरांच्याही अंगावर येत होता. लाल गाल बाहेर करून सगळी तिच्याकडे बघत होती.

एकत्र नांदत नाहीत.

तिने सगळी सफरचंदं ओच्यात भरली आणि माळ्यावर नेली. दोन खेपा झाल्या. मग ती शेवटच्या पायरीवरच बसून राहिली.

नवरा आल्यावर तिने सगळं सांगितलं, न चाखल्याचंसुद्धा. त्याने सुरी घेऊन गाजराचा काप काढला, चघळला, तोंड वाकडं केलं. मग म्हणाला, "आता तिथे खाते ती. नर्स म्हणाली, ताट चाटूनपुसून खाते. वजन वाढलंय."

"आपण त्यांना आणू या."

"कुठे आणू? तिच्या जागेवर तुझी मशीन आहे." जरा थांबून म्हणाला, "आणि उद्या आणखी काही म्हणाली तर? तेव्हा तू चाखशील?"

तिने चादर झटकून घडी घातली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच पेटीतली गाजरं उकडली, घोटली, डब्यात भरली. साय नाही, साखर नाही. गोड घेऊन जायचं तिच्या मनात होतं, पण मग वाटलं, गोडाने काय होणार? तिला ऐकायचं होतं. मावशींनी घास थुंकावा, म्हणावं, "मी सांगत नव्हते तुला, मुडदे?" मग ती म्हणणार होती, हो आई, तुमचंच खरं होतं, चला घरी. नवऱ्याचं काय करायचं ते नंतर बघता आलं असतं.

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात मावशी लांब टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, गळ्याला फडकं बांधून. केस कापले होते. गाल खरंच भरले होते. सून शेजारी बसली, डबा उघडला, चमचा भरला.

"आई, मी आलेय. हे बघा, आपल्या कोठडीतलं गाजर. चाखा. आणि कसं आहे ते खरं सांगा मला."

मावशींनी चमच्याकडे पाहिलं नाही. आधी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या आयाकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. घास आत गेला. कपाळावर एक आठी आली, तिथल्या तिथे थरथरली आणि त्यांनी ती पुसल्यासारखी घालवली. गिळलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

"आई, नीट सांगा. कडू आहे ना? मी चाखलंय. खरंच चाखलंय आता. कडू आहे ते."

"नाही हो बाई, गोड आहे. फार छान आहे." आणि आयाकडे वळून, घाईघाईने, "सांगा ना यांना, मी सगळं खाते. टाकत नाही मी."

"गुणी आहेत आमच्या आजी," आया म्हणाली. "पहिले चार दिवस फार नखरे केले. मग लागली शिस्त."

मावशींनी पुन्हा तोंड उघडलं, पुढच्या घासासाठी. सुनेने चमचा डब्यात ठेवून दिला, झाकण लावायला गेली, ते नीट बसेना. मावशींचं तोंड उघडंच होतं.