त्या दिवशीची हजेरी

माझे पती गेले त्या दिवशी ते हजेरीत गैरहजर आहेत.

कोलकात्यात, बेहाला भागातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ते काम करत. सकाळी साडेदहाच्या सुमारास तिथेच, वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षात, कोसळले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दारातलं हजेरीसाठी बोटांचे ठसे घेणारं यंत्र जुनं. ऑफिसात नवा संगणक आला आणि यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते संगणकाला जोडणारा प्रोग्रॅम, त्यावर चालेना. मग कुणीतरी कुठल्याशा साइटवरून दुसरा उतरवला, आणि तो अडू नये म्हणून संगणकाचं संरक्षणच बंद करून ठेवलं. तेव्हापासून चार वेळा बोट दाबलं की यंत्र एकदा घ्यायचं. पतींनी तीन अर्ज दिले : ड्रायव्हर कंपनीकडूनच घ्या, संरक्षण चालू करा, तोवर सहीचं रजिस्टर ठेवा. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. ते मात्र रोज खिशात वेगळा कोरडा रुमाल नेत, बोट पुसायला.

महिन्याने मी त्या दिवशीच्या हजेरीचं विचारायला ऑफिसात गेले. कारकून मला वहिनी म्हणत बंगालीत म्हणाला, "बौदी, मशीनने घेतलंच नाही, आम्ही काय करणार?"

"त्यांना खाली कुणी आणलं?"

"आम्हीच की. पाय मी धरले होते."

"मग लिहा ना, आले होते म्हणून."

"आता नाही जमत. कंपनीचा नवा ड्रायव्हर टाकलाय. सगळ्यांचे ठसे परत घेतले, जुन्या नोंदी लॉक. आता फसवाफसवी बंद!" त्याने कौतुकाने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"किती वेळ लागला टाकायला?"

"अर्धा तास. चहासुद्धा गार झाला नाही."

मी इथेच जन्मले, पण बंगालीत मला भांडता येत नाही. मी मराठीत बोलले. ते त्याला कळलं नसेल; पण तो उठून उभा राहिला.

मग मी पुस्तकं देण्याघेण्याचं रजिस्टर मागितलं. त्या तारखेला त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती : वेळ दहा वीस, पुस्तकाचा क्रमांक, पुढे विद्यार्थिनीची सही.

"हे पुस्तकांचं रजिस्टर आहे, बौदी. हजेरीचं नव्हे."

"झेरॉक्स काढून द्या."

काढून दिली.

कॉलेजच्या नोंदीत ते अजून गैरहजर आहेत. तीन अर्जांच्या प्रती आणि ती झेरॉक्स माझ्या टेबलाच्या खणात आहेत.