सोयऱ्यांच्या सायकलची सीट

आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. त्यामुळे तिथे काय काय दुखतं, हे आधी सांगायला कुणी नव्हतं. डोकं दुखेल एवढी माझी तयारी होती. दुखलं भलतंच.

गावापासून सोलापूर नऊ मैल. जायला थोरल्या भावाची सायकल मिळाली. ती त्याला लग्नात सासऱ्यांनी दिलेली. हँडलला गोंडे, दांडीवर दुकानातला कागद तसाच. दादा ती रोज पुसायचा. बसायचा मात्र नाही. त्याचं कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. सीटचं नाक आभाळाकडे होतं, आणि उंची अशी की पायडल गाठायला दर फेरीला या अंगावरून त्या अंगावर घसरावं लागे.

मला बाकावर बसवेना. मी वर्गात मागच्या भिंतीला टेकून उभा राहू लागलो. इतिहासाचे सर वर्गाला म्हणाले, "बघा, खेड्यातला मुलगा. ज्ञानापुढे बसत नाही!" खरं कारण सांगायचं मनात होतं, पण सरांपुढे ते कोणत्या शब्दांत सांगावं, सुचेना.

परीक्षा जवळ आली. तीन तास उभ्याने पेपर लिहू देतात का, हे विचारायचंही धाडस नव्हतं. नापास झालो तर मेंढरांमागे जायचं, हे घरी ठरलेलं होतं.

स्टेशनजवळचा सायकलवाला म्हणाला, "नाक नीचे करना, बस. दो मिनट का काम." त्याने पाना लावला आणि मी त्याचा हात धरला. घरी न विचारता कसं?

घरी विचारलं. आबा दचकले. "सोयऱ्यानं दिलेली वस्तू हाय. पाना लावलास तर म्हनतील, आमच्या देन्यात खोट काढली."

दादा म्हणाला, "तूच जरा घट हो की."

आईने सीटवर घोंगड्याची घडी बांधून दिली. सीट आणखी दोन बोटं उंच झाली, आणि दुखण्याला खाजेची सोबत मिळाली.

वहिनी चुलीपाशी सगळं ऐकत होती.

रविवारी तिचे वडील तिला भेटायला आले. निघताना ती म्हणाली, "बा, फाट्यापातूर चालत कशाला? सायकलवर जावा. भावजी येतील मागनं, आनतील माघारी." तिने घोंगडं आधीच सोडून ठेवलं होतं.

सोयरे ऐटीत टांग टाकून गेले. मी मागून निघालो, तर देवळापाशीच ते सायकल हातात धरून परत येताना दिसले. दारात येऊन म्हणाले, "पाना हाय का?"

"लई चांगली हाय की सायकल," आबा घाईने म्हणाले. "आमची कायबी तक्रार न्हाय."

"तुमची नसंल. माजी हाय. माज्या पोरीच्या दिराला ह्या सुळावर बसवून कालेजला धाडता व्हय?"

त्यांनी स्वतः बोल्ट सैल केला, सीट खाली घेतली, नाक वाकवलं. दादा म्हणाला, "मी कवाधरनं तेच म्हनत हुतो." वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली.

दोन-चार दिवसांनी मी वर्गात बसलो. सर म्हणाले, "काय रे, उत्साह संपला?" मी उभा राहून "नाही सर" म्हणालो, आणि पुन्हा बसलो.

परीक्षा बसून दिली. पास झालो. इतिहासात मात्र जेमतेम. वर्षभर उभ्याने ऐकल्यामुळे वहीत काहीच उतरवून घेता आलं नव्हतं.