काकांचा स्पीकर
तापलेल्या रेडिओतून जळक्या धुळीचा वास आला की मला सांगलीतली ती चिंचोळी खोली आठवते. सातवीतून शाळा सोडून रत्नागिरीहून कामाला आलेल्या मला, फौजेतून निवृत्त झालेल्या घरमालक काकांनी पोरासारखं ठेवून घेतलं होतं. त्यांच्या नव्या रेकॉर्ड प्लेअरसाठी दुकानदाराने पारखायला दोन स्पीकर दिले होते, एक देशी आणि एक मोठा विलायती. पलंगावर बसलं की गुडघे स्पीकरला टेकत. काकांनी देशी वाजवला, मागे वाकून खुडबुड केली आणि म्हणाले, "आता विलायती ऐक." मी लगेच म्हणालो, "काका, हा लय गोड." दारातून काकू म्हणाल्या, "आवं, तार अजून देशीलाच हाय की." काका हसले, मग हळूच म्हणाले, "तोफांनी माझा कान गेलाय रं, म्हणून तुला बसवलं." त्यांनी तार बदलली. विलायती एवढा घुमला की फळीवरचे पेले थरथरले आणि गाण्याचे शब्द कळेनात. "आता खरं सांग गड्या." मला मान वर करवेना. "तुम्ही म्हणाल तो," एवढंच बोललो, आणि काकांनी विलायती ठेवला. आज काका नाहीत. त्या खोलीला देशीच बरा होता, हे साधं वाक्य मला त्यांच्यासमोर कधीच बोलता आलं नाही.