तांदळातला फोन

सकाळी लेकीचा फोन बादलीत पडला. तिने तो पुसून सरळ तांदळाच्या डब्यात खुपसला. तांदूळ ओल ओढून घेतो म्हणे. झाकण उघडताच कडुलिंबाच्या सुकल्या पाल्याचा कडसर वास आला आणि मी कुकटपल्लीच्या जुन्या घरात जाऊन उभा राहिलो.

माझं फ्लेक्स छपाईचं दुकान बुडायला आलं होतं. मशीनच्या कर्जापायी वसुलीवाल्याचे फोन दिवसभर यायचे. बंद करावा तर एखादं गिऱ्हाईक जायचं, म्हणून मी चालू फोनच तांदळात पुरून ठेवायचो.

अशाच एका दुपारी सुनंदा, माझी बायको, भातासाठी तांदूळ घ्यायला आली. तेवढ्यात फोन थरथरला. वरचे दाणे हलायला लागले. ती हातात वाटी धरून थांबली.

"अहो, उचला की. हौ म्हणा, नक्को म्हणा, काहीतरी बोला."

मी भिंतीला टेकून बघत राहिलो. दाणे कसे हलतात तेवढं दिसत होतं, बाकी काहीच वाटत नव्हतं.

थरथर थांबल्यावर तिने वाटी भरली. "ऐन जेवणाच्या वेळी करतोय. त्याचंही जेवण राहिलं असेल."

तेव्हा मला तो टोमणा वाटला. पुढे दुकान गेलं, फोन थांबले, मी नोकरीला लागलो. आता वाटतं, ती खरंच त्याच्याबद्दल बोलत होती. काही वाटणारं माणूस आमच्या घरात तेवढंच उरलं होतं.

आज संध्याकाळी लेकीच्या फोनची डब्यात घरघर झाली. "बाबा, चालू झाला!" म्हणत लेक धावत आली.

तोवर मी झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.