चॉकलेटपायी मोडलेलं मनगट

बायको जाऊन चार महिने झाले. परवा नातसून म्हणाली, "आबा, काळं चॉकलेट रोज थोडं खावं, तब्येतीला चांगलं असतं." चॉकलेटपायी मी बायकोचं मनगट मोडलंय, ते तिला काय सांगू?

बाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मार्गासनीजवळ आमची शेती. पहिल्या बाळंतपणात बायकोचं रक्त लई गेलं. भाकरी गिळेना, पोरीला दूध पुरेना. उभी राहिली की पडायची. वेल्ह्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला चॉकलेटच्या दोन वड्या दिल्या. मला ठाऊक नव्हतं. आमच्यात सुनेनं शेवटी जेवायचं, खाऊ आला तर सासूच्या हातात द्यायचा. तिनं वड्या गोधडीत लपवल्या.

आईला चांदीच्या कागदातल्या त्या वड्या सापडल्या. मी रानातनं आलो तर थोरला भाऊ अंगणातच बसलेला. म्हणाला, "लेका, तू बैलं हाक. तुझ्या बायकोला खाऊ पुरवणारा हाय कुणीतरी."

हातात बैल हाकायची काठी, पराणी होती. आत जाऊन पहिला तडाखा पाठीत घातला. दुसऱ्याला तिनं पोरीवर हात धरला. मनगट कडकन वाजलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "नर्सबाईनी दिल्यात. जाऊन इचारा. आता मारू नका, पोरीला लागंल."

पराणी घेऊन तसाच वेल्ह्याला गेलो. बाई सुया उकळत होत्या. म्हणाल्या, "मीच दिलं. त्यानं रक्त भरत नाही, पण भाकरी जात नाही तिला, हे तरी जातं. अंगात थोडा जोर येतो. तू काय केलंस?"

मी सांगितलं.

"बैलगाडीत घालून आण तिला. आधी ते खाऊ घाल. उपाशी आणलीस तर वाटेतच जाईल."

घरी आलो तर भाऊ उंबऱ्यावर बसून एक वडी चघळत होता. म्हणाला, "गोड हाय की."

मी त्याच्या तोंडावर पराणीचा दांडा हाणला. दोन दात पडले. चॉकलेट आणि रक्त एकत्र हनुवटीवरनं गळलं. तो पडल्यावरही मी लाथा घालत होतो. आईनं केस धरून ओढलं, तिलाही ढकललं.

त्याच्याजवळची दुसरी वडी घेऊन आत गेलो, तुकडा तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं.

"तुमच्या हातनं न्हाई. खाली ठेवा."

ठेवला आणि दाराबाहेर उभा राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं डाव्या हातानं तो उचलला आणि खाल्ला. मग मी गाडी जुंपली.

महिन्याभरानं ती विहिरीवर जाऊ लागली. माझ्या हातचं मात्र तिनं तीन वर्षं काही खाल्लं नाही.