पान लागलं तेव्हाची मौनीबाई

"मला पान लागलं!" मी ओरडले. मौनीबाईनं माझ्या पदराला चिकटलेलं वाळकं पान अलगद काढलं, मला दाखवलं आणि हसली. माझ्या घोट्यातून आग निघत होती. आमच्याकडं सापाचं नाव तोंडानं घेत नाहीत. चावला तर पान लागलं म्हणतात. हे तिला कोण सांगणार? शेतात आम्ही दोघीच होतो आणि तिचं मौन चाललेलं.

ती जर्मनीची. बीडजवळ आमच्या देवस्थानाच्या गावी, कपिलधारला आली आणि माझ्या घराची मागची खोली घेऊन राहिली. नाव अवघड, म्हणून आधी सगळे गोरी म्हणायचे. मौन धरलं तेव्हा मौनीबाई झाली.

त्याआधी मात्र ती भरपूर बोलायची. मराठी माझ्याकडूनच शिकली, म्हणून शिव्यांसकट शिकली. तिकडं म्हणे रविवारी चर्च ओस असतं आणि योगाचे वर्ग भरलेले. लोक बागेत बुद्धाची मुंडी ठेवतात.

"नुसती मुंडी? धड कुठं गेलं?"

कचेरीतसुद्धा डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायला शिकवतात, म्हणाली.

"मग कामाकडं कोण बघतं?" मी विचारलं. ती पोट धरून हसली.

मी भांडी घासायला उकिडवी बसले की समोर येऊन तशीच बसायची. "आजी, आमच्याकडं हे बसणं क्लासात शिकवतात."

"मग घास चार भांडी."

घासायची. एका तांब्याला इतका वेळ लावायची की चहा अडून राहायचा. पण माझे गुडघे धरले की न सांगता तेल गरम करून आणायची. माझ्या सुनेला ते कधी सुचलं नाही.

कार्तिकातल्या यात्रेपर्यंत मौन पाळलं तर तिकडचे तिचे गुरू तिला लोकांना ध्यान शिकवायची परवानगी देणार होते. आधी एकदा तिचं मोडलं होतं. "आता मोडलं तर संपलं, आजी," एवढं बोलून तिनं तोंड मिटलं. मग नुसते हातवारे. मी चिडायचे. "मुकं राहून देव भेटत असता तर माझ्या म्हशीला आधी भेटला असता." ती हसायची, तेही आवाज न करता.

यात्रा तोंडावर आली आणि मला पान लागलं. ती ते वाळकं पान हातात धरून उभी. शेवटी मी जन्मात न घेतलेलं नाव घेतलं. "साप गं बये! साप चावला!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं मला बसवलं, पाय हलवू नका म्हणून हातानंच सांगितलं आणि सडकेकडं पळाली. तिचे हातवारे बघून कुणी गाडी थांबवीना. मग मला तिचा आवाज ऐकू आला. "थांब की रं मुडद्या! आजीला साप चावला!"

या सडकेनं रोज जाणारे बीडचे सलीमभाई सीताफळांचा टेम्पो घेऊन चालले होते. त्यांनी मला उचलून आत घातलं. "या अल्ला, ही मुकी तर लई बोलती! काहून गप होती इतके दिवस?"

वाटेत माझे डोळे मिटायला लागले की ती हलवायची. बडबड एकसारखी चालू. "आजी, श्वासाकडं लक्ष द्या."

"तू त्या सलीमभाईकडं दे. जोरात चालव म्हणावं."

तेव्हा ती रडली. माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती, तो दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "तुझ्या गुरूला कळायचं काय कारण? मी सांगायची न्हाई, सलीमभाई सांगायचे न्हाईत."

"मला तर माहीत हाय ना, आजी."

तिनं सांगितलंच. परवानगी मिळाली नाही. आता ती तिकडं एका वृद्धाश्रमात काम करते, म्हाताऱ्यांशी बोलत बसते. अधूनमधून फोन येतो. माझ्या घोट्यावर काळा डाग राहिला, पण मी जगले.