सत्याऐंशी नंबरची हजेरी

झगा अंगावर चढला तेव्हा माझ्या हाताला वैरणीचा भुसा होता. पाहुण्यांच्या बैलांना चारा टाकत होतो. ओट्यावरून आबा पाटलांची हाक आली.

"आठे ये रे. वर ये."

मी पायरीशीच थांबलो. धानोऱ्याच्या पाटलांच्या ओट्यावर मी कधी चढलो नव्हतो. मी डोंगरातला, मोलगीच्याही वरच्या पाड्यातला. आमच्या लोकांनी अंगणात थांबायचं, अंगणात खायचं. पण आबांनी परत हात केला, म्हणून चढलो.

आबांचे थोरले चिरंजीव भाऊसाहेब बी.ए. झाले होते. पदवी घेताना घातलेला काळा झगा त्यांनी पुण्याहून आणला होता. फोटोसाठी म्हणून. तो दोघा पाहुण्यांनी मिळून माझ्या अंगावर घातला. माझ्या धोतरावर, उघड्या छातीवर.

"देखा, हाऊ बी बी.ए. हुई गया," आबा म्हणाले.

मग भाऊसाहेबांनी घसा साफ केला आणि प्रोफेसराच्या आवाजात पुकारा केला, "एटी-सेव्हन!"

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "यस सर."

ओटा हसून लोटपोट झाला. एक म्हातारे पाहुणे डोळे पुसत म्हणाले, "आखो एकदाव, आखो एकदाव." परत पुकारा झाला. परत मी "यस सर" म्हणालो. चार-पाच वेळा तरी म्हणालो असेन. पुढे पुढे मीही हसत होतो. ते हसणं मला अजून विसरता येत नाही. त्यांचं नाही, माझं.

हे एटी-सेव्हन म्हणजे काय, ते सांगतो.

मी लहान असताना आईबाप दरवर्षी कापूस वेचायला धानोऱ्याला उतरायचे. एका वर्षी बाप तिथेच तापाने गेला. आई डोंगरात परतली, मी पाटलांकडे राहिलो. आबांनी मला शाळेत घातलं. खोटं बोलून चालणार नाही, त्यांनीच घातलं. मराठी चौथी झाली तेव्हा आबा म्हणाले, आता पुरे, काम बघ. शाळेचा दाखला त्यांनी आपल्या पेटीत ठेवला. "तुन्हाजोडे हाराई जाई," म्हणाले. माझ्याकडून हरवेल, हे मला खरं वाटलं. मी त्यांच्या पाया पडलो.

पुढे भाऊसाहेब पुण्याला कॉलेजात गेले. मला बरोबर धाडलं. तीन गाड्या बदलून गेलो. भाऊसाहेब खानावळीत जेवायचे. मी त्यांचे कपडे धुवायचो, खोली झाडायचो, पाणी भरायचो. मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळायचं नाही, त्याच्या रांगेत उभा राहायचो.

बी.ए. व्हायला काय काय लागतं, ते मला तिथे कळलं. पास होणं ही पुढची गोष्ट. आधी टर्म भरावी लागते. वर्षाच्या दोन टर्मा. प्रत्येकीत ठरलेले दिवस वर्गात हजर राहायचं, प्रिन्सिपलची सही घ्यायची. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, मग पोरगा कितीही हुशार असो.

भाऊसाहेबांना सकाळी उठवत नसे. दुपारी क्रिकेट असे, नाही तर नाटक कंपनीतली दोस्ती. एके दिवशी ते अंथरुणातूनच म्हणाले, "माझा कोट घाल. टोपी घाल. शेवटच्या बाकावर बस. एटी-सेव्हन म्हटलं की यस सर म्हणायचं. खाली बघून."

शे-दीडशे मुलांचा वर्ग. प्रोफेसर वहीतून नंबर वाचायचे, डोळे वर करायचे नाहीत. पहिल्या दिवशी माझा आवाज फुटेना. एटी-सेव्हन दोनदा म्हटलं तेव्हा फुटला. धरलं तर तुरुंगात घालतील असं वाटायचं. रोज वाटायचं. दर वर्षी नंबर बदलला. एकदा बत्तीस होता, एकदा एकशे चार. पण भाऊसाहेबांच्या तोंडी पहिलाच राहिला. मला हाक मारायचे तेही एटी-सेव्हन म्हणून. चार वर्षांत पुण्यात माझं नाव कुणी घेतलं नाही. कुणाला ठाऊकच नव्हतं.

मी बसायचो. इंग्रजी काही कळायचं नाही. बाकाच्या फळीवरची कोरलेली नावं वाचायचो. मग शेवटच्या दोन वर्षांसाठी भाऊसाहेबांनी मराठी घेतलं, सोपं म्हणून. ते मात्र कळायला लागलं. मी ताठ बसायला लागलो. वर्गातून आलं की भाऊसाहेबांची पुस्तकं काढून वाचायचो. ते म्हणायचे, "वाच बाबा, कुणी तरी वाचलेली बरी."

मराठीच्या सरांकडे महिन्याला एक निबंध द्यावा लागे. तोही टर्मच्या अटीतलाच. भाऊसाहेब म्हणाले, तूच खरड काही तरी. विषय होता 'माझ्या गावचा बाजार'. धानोऱ्याचा बाजार लिहायला हवा होता, मी मोलगीचा लिहिला. आई चारोळीचं गाठोडं डोक्यावर घेऊन कशी निघायची, मीठ घेऊन कशी परतायची, व्यापारी माप भरताना अंगठा मापाच्या आत कसा धरायचा. भाऊसाहेबांनी न वाचताच त्यावर सही केली.

सरांनी तो वर्गात वाचून दाखवला. म्हणाले, "शुद्धलेखन भिकार आहे. पण या मुलाने डोळे उघडे ठेवले आहेत. कोण हा?" आणि नंबर पुकारला.

मी "यस सर" म्हणालो. खाली बघून.

त्या दिवशी खोलीवर येऊन मी भाऊसाहेबांचा कोट खुंटीला लावला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो. राग आला नव्हता. राग यायला आपलं काही गेलंय, हे कळावं लागतं. मला वाटत होतं, पाटलांचं अन्न खातो, एवढं तर केलंच पाहिजे. आणि आबांनी शब्द दिला होता. भाऊ बी.ए. झाला की तुला फायनलला बसवू. मराठी सातवीची फायनल झाली की डोंगरातल्या एखाद्या शाळेत मास्तर होता येतं. त्या शब्दावर मी चार वर्षं काढली.

आता परत ओट्यावर येतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या पाड्याची माणसं खाली उतरली होती, त्यांत आई होती. मी आल्याचं ऐकून ती शेतावरून थेट आली होती. चारोळीची पुरचुंडी घेऊन. कधीपासून अंगणात उभी होती, देव जाणे. हसणं जरा खाली बसलं तेव्हा मला ती दिसली.

तिला वाटलं, तो झगा माझा आहे.

एवढी पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमलीत, पोराला ओट्यावर घेतलंय, अंगावर काळं रेशीम घातलंय, सगळे आनंदाने हसतायत. तिला दुसरं काय वाटणार? ती पायरीपर्यंत आली. झग्याच्या काठाला हात लावला, तो हात आपल्या डोळ्यांना लावला. मग पुरचुंडी सोडून खालूनच हात लांबवून एकेका पाहुण्याच्या पुढ्यात चारोळी ठेवू लागली. पोराचं चांगलं झालं की आमच्यात तोंड गोड करतात, तसं. आमच्या बोलीत मला म्हणाली, "मोठी शाळा संपली ना? आता घरी येशील ना?"

"काय म्हनी ऱ्हायनी ती?" एका पाहुण्याने विचारलं.

गड्यांपैकी कुणीतरी सांगितलं. आणि मग जे हसणं झालं, ते आधीच्यापेक्षा मोठं होतं. भाऊसाहेब म्हणाले, "अरे, हिला पण हजेरीला पाठवू या."

आई सगळ्यांकडे बघून हसत होती. ती हसत असतानाच माझं हसू थांबलं.

मी झगा उतरवला. घडी घातली, नीट, जशी पुण्यात घालायचो तशी. भाऊसाहेबांच्या मांडीवर ठेवली. पाहुण्यांच्या पुढ्यातली चारोळी उचलली, दाणा न् दाणा. कुणी खाल्ली नव्हतीच. ती आईच्या पदरात परत बांधली. मी आईला शेतावर पोचवलं. वाटेत तिने विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. ती चालताना एकदाच थांबली. मग म्हणाली, "तुझा कागद त्यांच्याकडे आहे, तो आण."

सकाळी मी आबांपुढे उभा राहिलो.

"आबा, मन्हा दाखला द्या."

"कसाले?"

"फायनलले बसनं शे. तुम्हीन बोलले व्हतात."

आबा रागावले नाहीत. ते क्वचितच रागवत. त्यांच्या हातात प्रिन्सिपलचं पत्र होतं. धाकटे चिरंजीव आप्पा जूनपासून त्याच कॉलेजात होते, पहिल्या टर्मला त्यांचे दिवस कमी भरले होते. दुसरी टर्म अशीच गेली तर वर्ष फुकट.

"आप्पाना संगे जाय तू," आबा म्हणाले. "त्यानं बी.ए. हुई जाऊ दे, मंग देखू."

"चार वरीस, आबा."

"चार वरीस काय जातस? जेवन भेटस, कपडा भेटस. तुले काय कमी पडस आठे? आनि दाखला मन्हाजोडे शे. तो कथाबी जात नही."

मी त्यांच्या पाया पडलो. सवयीने नाही, खरोखर. त्यांनी मला अक्षर दाखवलं होतं. मग उठलो, अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. मागून हाक आली. एटी-सेव्हन. भाऊसाहेबांची होती. मी वळलो नाही.

आसपासच्या दोन शाळांत गेलो. आबांचा शब्द माझ्या आधी पोचलेला. दाखल्याशिवाय घेता येत नाही म्हणाले. नकलेसाठी माझ्या जुन्या शाळेत गेलो, तर हेडमास्तर म्हणाले, पाटलांची चिठ्ठी आण. मग तापी ओलांडून दक्षिणेला चालत राहिलो. आता चिंचपाड्याकडे एका लाकडाच्या वखारीत आहे. माझा डोंगर इथून दिसत नाही. सकाळी ओंडके रचतो, संध्याकाळी रचतो. मधला वेळ शाळेसाठी द्यायला वखारीचे शेठ तयार आहेत, त्यांचेही उपकारच. अंगात सारखा शीण असतो. पाठ दुखते.

इथल्या बोर्डाच्या शाळेतले मास्तर म्हणाले, "दाखला नाही, तर पाचवीत नाही बसवता येणार. चौथीत बसावं लागेल. परत."

मी बावीस-तेवीस वर्षांचा. चौथीची पोरं माझ्या कमरेला लागतात.

"बसतो," मी म्हणालो. "हजेरी किती दिवसांची लागते?"

मास्तर हसले. "आधी ये तर खरा."

काल पाटलांचा गडी निरोप घेऊन आला होता, विचारत विचारत. भला माणूस. वखारीच्या दारात टेकला, पाणी प्याला. म्हणाला, "आबानी सांगेल शे, दाखला देतस. लगेच देतस. तू फक्त पुनाले जाय. आप्पानी टर्म बुडी ऱ्हायनी." मग आवाज खाली करून म्हणाला, "ली ले भो. चौथीमा बशीसनी काय करशी? पोरं हासतीन."

खोटं कशाला सांगू, मन झालं. तो कागद हातात आला असता तर तीन वर्षांत फायनल. माझ्या अंगात आता फार त्राण नाही. आणि त्यांचं मीठ अजून जिभेवर आहे.

पण मग चार वर्षं परत दुसऱ्याच्या कोटात बसायचं. तिथेही माझी हजेरी लागणार नाही, इथेही नाही.

मी त्याला म्हणालो, "आबांना माझा नमस्कार सांग. त्यांनी मला शाळेत घातलं हे मी मरेपर्यंत सांगेन. दाखला त्यांच्या पेटीतच राहू दे. मी चौथी परत करतो आहे."

तो उठून गेला.

उद्या अकराला शाळा भरते. पोरं हसतील, हसू देत. या वेळी मी त्यांच्याबरोबर हसणार नाही. मास्तरांच्या हजेरीत शेवटी माझं नाव घातलंय, आडनावासकट. मी स्वतः बघून घेतलं. ते पुकारतील तेव्हा मान वर करून ओ देईन.

तिकडे पुण्यात कुठला नंबर पुकारायचा तो पुकारू देत. शेवटच्या बाकावरून कुणी बोलणार नाही.